बाहेरची सगळी कामं पगारी माणसाला दिली. चुकलं का?

गोदाकाठची
मी भूलतज्ज्ञ आहे, नाशिकला. एका रुग्णालयाची नोकरी नाही, चार-पाच ठिकाणांहून बोलावणं येईल तशी जाते. सकाळी पंचवटीत सिझेरियन, दुपारी गंगापूर रोडला गुडघ्याचं ऑपरेशन, रात्री दोनला कुणाचं तरी अपेंडिक्स. थिएटरमध्ये असताना फोन बाहेर ठेवलेला असतो. गॅसवाला खाली उभा राहून तीनदा फोन करतो आणि सिलिंडर परत घेऊन जातो, कारण डिलिव्हरीचा कोड माझ्या फोनवर येतो. नवरा सिन्नरच्या एमआयडीसीत, शिफ्टमध्ये. दोन मुलं, आणि सासूबाई ८२ वर्षांच्या.

डिसेंबरपासून एका ताईंना ठेवलंय. स्वयंपाक-भांड्यांना नाही, त्यासाठी वेगळ्या बाई आहेत. या ताई फक्त बाहेरची कामं बघतात. शिंपी, इस्त्री, औषधं, सोसायटीचा चेक, शाळेचं सामान, वॉटर फिल्टरवाल्याच्या मागे लागणं. आधी झेरॉक्सच्या दुकानात होत्या, त्यामुळे कुठल्या फॉर्मला किती फोटो आणि सही कुठे करायची, हे त्यांना तोंडपाठ. आठवड्याचे पाच दिवस, रोज दोन तास. महिना ₹८,०००, पेट्रोल वेगळं.

माझ्या जिवाला किती आराम पडला ते सांगता येत नाही. मिक्सरचं भांडं पातं बदलायला म्हणून चार महिने गाडीच्या डिकीत फिरत होतं, ते ताईंनी पहिल्याच आठवड्यात करून आणलं. रविवारी दुपारी मी झोपले, किती वर्षांनी!

पण दोन गोष्टी मनातून जात नाहीत. एक म्हणजे जाऊबाई म्हणाल्या, "उद्या सासूबाईंशी बोलायलाही माणूस ठेवशील." लागलं ते. दुसरी मे महिन्यातली. ताईंनी सासूबाईंचं इन्सुलिन आणलं. दुकानदारानं बर्फाची पिशवी दिली होती, पण वाटेत शिंप्याचं आणि बँकेचं काम होतं. उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत ते दोन तास राहिलं. मी योगायोगानं घरी होते. हातात घेतलं तर इन्सुलिन टोचायची पेनं चक्क गरम, बर्फाचं पाणी झालेलं. फेकून दिली. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं हे मला झोपेतही माहीत आहे. ताईंना मी ते सांगितलंच नव्हतं. मी घरी नसते तर पेनं फ्रीजमध्ये गेली असती आणि साखर का वाढतेय ते आम्ही आठवडाभर शोधत बसलो असतो.

म्हणून विचारते. अशी कामं दुसऱ्यावर सोपवावीत का? कुठपर्यंत?

तिसरी गल्ली
माझं मत स्पष्ट आहे, सोपवू नयेत. तुमचं इन्सुलिन हेच त्याचं कारण. घरातलं माणूस औषध आणतं तेव्हा ते कुणासाठी आणतोय हे त्याच्या डोक्यात असतं. पगारी माणसाच्या डोक्यात यादी असते.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मी अकरा वर्षांचा असताना वडिलांनी मला पहिल्यांदा पोस्टात मनीऑर्डर करायला पाठवलं. साताऱ्याला, आत्याच्या नावानं, पन्नास रुपये. फॉर्म चुकला. खिडकीतल्या काकांनी फाडला आणि म्हणाले, "आता नीट लिही." दुसऱ्यांदा लिहिताना माझा हात थरथरत होता. पण त्या दिवसानंतर मला कुठल्याही खिडकीची भीती वाटली नाही. माझा मुलगा आज पंधरा वर्षांचा आहे. सोसायटीचा चेक तोच भरतो, दळण तोच आणतो. तुमची मुलं ताईंना काम करताना बघतील आणि त्यांना वाटेल की बाहेरची कामं कुणीतरी दुसरंच करत असतं.

निळी छत्री
तिसरी गल्ली, तुमच्या मुलाचं कौतुक आहे. पण "घरातलं माणूस औषध आणतं" यातलं माणूस कोण, ते बघू या. २०१९च्या सरकारी वेळवापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, तर ते करणारे पुरुष ९७. गोदाकाठची रात्री दोनला अपेंडिक्सला जातात आणि सकाळी शिंप्याकडेही त्यांनीच जायचं, न गेल्या तर जाऊबाईंचं बोलणंही त्यांनीच ऐकायचं. नवऱ्याला कुणी काही बोलल्याचं त्यांनी लिहिलेलं नाही.

ताई, एक विचारते. मदतनीस ताईंना निरोप कोण पाठवतं?

गोदाकाठची
मी. आत्ता फोन काढून मागचा महिनाभर वर गेले. सगळे निरोप माझे. यांचा एक आहे, "चावी शेजारी ठेवली आहे" असा.

खरं सांगते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. थिएटरमध्ये पेशंट झोपला, सगळं स्थिर झालं, की माझ्या डोक्यात सुरू होतं: उद्या गणवेशाची पॅन्ट, परवा फिल्टर. पायपीट ताईंकडे गेली, पण लक्षात ठेवणं माझ्याकडेच राहिलं. इन्सुलिनचंही तसंच झालं. आणायचं काम दिलं, त्याबद्दलची माहिती माझ्याच डोक्यात राहिली.

हिशोबनीस
मी सोपवण्याच्या बाजूचा आहे, पण डोळे मिटून नाही. पैशांचं आधी नीट करा. ताईंना तुमचं कार्ड आणि पिन देत असाल तर आजच थांबवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकानं स्वतः पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. ताई प्रामाणिक आहेत यात शंका नाही. पण त्यांचा फोन हरवू शकतो, त्यांना कुणी फसवू शकतं, आणि मग आळ त्यांच्यावर येतो. त्यांच्यासाठीच हे करा.

२०२४च्या ऑगस्टपासून यूपीआय सर्कल आलंय. तुम्ही नेमलेला माणूस स्वतःच्या फोनवरून तुमच्या खात्यातले पैसे भरू शकतो, त्याला पिन न सांगता. पूर्ण मुभा दिली तरी एका वेळी ₹५,००० आणि महिन्याला ₹१५,००० ही मर्यादा आहे. किंवा दर वेळी तुमच्या फोनवर विचारणा येईल असं ठेवता येतं, पण तुमचा फोन बाहेर असतो, तेव्हा ते जमणार नाही. आधारची झेरॉक्स देताना पहिले आठ आकडे झाकलेली प्रत डाउनलोड करून तीच द्या.

आणि जिथे अंगठा किंवा चेहरा लागतो ती कामं कुणाला देताच येत नाहीत. गॅसचं ई-केवायसी, रेशनकार्डाचं, सासूबाईंना पेन्शन असेल तर हयातीचा दाखला. त्यासाठी त्या माणसालाच बसावं लागतं.

मांजराकाठी
हयातीच्या दाखल्यावरून लिहितो. मी बंगळुरात, आईवडील लातूरला. तीन वर्षांपूर्वी मीही असाच एक मुलगा ठेवला, गुणी आहे. बिलं, बँक, भाजी, सगळं तो करतो. मी निर्धास्त झालो.

दिवाळीला गेलो तर बाबा दिवसभर टीव्हीसमोर. आईला विचारलं तर ती म्हणाली, "पासबुक आता तो मुलगाच भरून आणतो ना." मला आधी कळेना. मग कळलं. पासबुक छापायला बाबा महिन्यातून दोनदा बँकेत जायचे. दहाला निघायचे, इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात पेन. मशीन बंद असेल तर काउंटरवर. तिथे त्यांचे शाळेतले दोन सहकारी भेटायचे, मग गंजगोलाईपर्यंत चालत, चहा, परत यायला एक वाजायचा. मी ते तीन तास वाचवले होते. त्यांच्यापाशी वेळ तर भरपूर होता, जायला तेवढं ते एकच ठिकाण होतं.

आता तो मुलगा सगळं करतो, पासबुक सोडून. ऊन असेल तर तो बाबांना गाडीवर सोडतो आणि बाहेर थांबतो. हयातीच्या दाखल्याला पोस्टमन घरी येऊ शकतो हे मला माहीत आहे. बाबांना ते सांगणार नाही.

म्हणून मी ना या बाजूचा ना त्या. कुठलं काम ओझं आहे हे करणाऱ्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

पावतीवाला
मी दुसऱ्या टोकाकडून लिहितो. कॉलेज सुटल्यावर दोन वर्षं ठाण्यात एका व्यापारी जोडप्याकडे मी हेच काम केलं. धाग्यात सगळे मालकांच्या बाजूनं बोलताहेत, म्हणून राहवलं नाही.

तिसरी गल्ली, पगारी माणसाच्या डोक्यात यादी असते म्हणालात. यादी असते कारण हातात यादीच देतात. मला कुणी सांगितलंच नाही की ते औषध कुणाचं आहे. मी विचारलं तर "तू फक्त आण" असं उत्तर मिळालं. मग माणूस विचारायचं सोडून देतो.

सगळ्यात त्रास कशाचा व्हायचा सांगतो. पदरचे पैसे घालावे लागायचे. "सुटे नाहीत, तू दे, संध्याकाळी देतो." संध्याकाळ चार दिवसांनी यायची. एकदा महिनाअखेरीला माझे ₹१,९०० त्यांच्याकडे अडकले होते आणि माझ्या खोलीचं भाडं थांबलं होतं. मागायची लाज मला वाटायची, त्यांना नाही. दुसरा त्रास "तिकडे चाललाच आहेस तर" या वाक्याचा. दोन तासांचे साडेतीन व्हायचे. आरटीओत साहेब जेवायला गेलेले असले तर बोलणी मला बसायची.

काम वाईट नव्हतं. शहर कळलं, माणसं कळली. आज माझा टेम्पो आहे, ती हिंमत तिथूनच आली. पण गोदाकाठची, तुम्हाला इन्सुलिनची चूक स्वतःची वाटली हे वाचून बरं वाटलं. मला खात्री आहे, ताईंच्या पगारातून तुम्ही ते कापलं नसेल.

गोदाकाठची
नाही कापलं. पण "तिकडे चाललाच आहात तर" हे मी म्हणते. रोज म्हणते. त्या दिवशीचं शिंप्याचं काम मी असंच सांगितलं होतं, औषध घेऊन झाल्यावर, फोनवर. तुमचं वाचून आठवलं. म्हणजे डिकीतल्या त्या दोन तासांतला निम्मा वेळ तरी माझ्या फोनमुळे गेला.

निळी छत्री
पावतीवाला, तुमचा मुद्दा मोठा आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे, पण पगारी सुट्टी, आजारपण, कामाचे तास हे रोजच्या व्यवहारात अजूनही मालकाच्या मनावरच चालतं. गोदाकाठची, ताईंना आजारपणाची रजा आहे का? दिवाळीला काय देता? हेही ठरवून लिहा. आपल्याला वेळ मिळावा म्हणून दुसऱ्या बाईचा वेळ फुकट खर्च होत असेल, तर मी आधी जे लिहिलं त्याला अर्थ राहत नाही.

तिसरी गल्ली
पावतीवाला, तुमचं म्हणणं मान्य. यादीचं वाक्य मी परत घेतो.

मुलांबद्दलचं मात्र घेत नाही. पगार चांगला दिला, रजा दिली, सगळं केलं, तरी घरातल्या मुलाला दळणाचा डबा उचलायची सवय त्यातून लागत नाही.

गोदाकाठची
चार दिवसांनी लिहितेय, मध्ये सलग इमर्जन्सी होत्या.

ताई राहणार. यावर माझा विचार पक्का आहे आणि जाऊबाईंनाही मी तसं शांतपणे सांगितलं. दर सोमवारी ₹२,००० आधीच त्यांच्या खात्यात टाकायचे, शनिवारी पावत्या बघायच्या. फोनवर नवं काम सांगायचं नाही, दुसऱ्या दिवसाच्या पानावर लिहायचं. महिन्याला दोन पगारी रजा, आजारपण वेगळं. दिवाळीला एक पगार.

निरोप पाठवायचं काम महिनाभर यांच्याकडे दिलंय. पहिल्याच दिवशी यांनी मला विचारलं, "गणवेश कुठल्या दुकानातून घेतो आपण?" मुलगी सातवीत आहे. मी दुकानाचं नाव सांगितलं नाही, तिलाच विचारा म्हटलं. दोघं मिळून गेले आणि चुकीच्या मापाची पॅन्ट घेऊन आले. बदलायला ताईंना पाठवायचं नाही, तेच दोघं जाणार आहेत. तिसरी गल्ली, हे तुमच्यामुळे.

आणि इन्सुलिन आता मी आणते. ताईंना सगळं समजावलंय, त्या नीट आणतील हेही माहीत आहे. पण सासूबाई म्हणाल्या, "औषध आणतेस त्या दिवशी तू दहा मिनिटं माझ्याजवळ बसतेस." हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं.

पावतीवाला
तुम्हाला कधी इमर्जन्सी आली तर इन्सुलिन ताईच आणतील. गार राहणारा डबा तुम्ही आणून ठेवा, त्यांना विकत घ्यायला सांगू नका. आणि वर लिहून चिकटवा: आधी घरी, मग बाकीची कामं.