पाय धुणं रोजचंच
पवित्र गुरुवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा गुरुवार, हा प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) स्थापनेचा दिवस, असं नेहमी म्हटलं जातं, आणि ते अगदी मान्य. पण बायबलमधल्या संत योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या कथेत, त्या रात्री भाकर-द्राक्षारसाची स्थापना सांगितलेलीच नाही. तिथे येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. येशूला दगा देणारा शिष्य यहूदा तेव्हा उठून गेलेला नव्हता, म्हणजे त्याचेही धुतले! मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

२०१३ साली पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालसुधारगृहात बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, एक मुस्लिम. २०१६ मध्ये तर चर्चमधल्या या विधीत स्त्रियांचे पाय धुण्याला नियमानेच मुभा मिळाली.

माझी आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. कोमट पाणी, जुना पंचा, टाचांच्या भेगांत अडकलेली पावडर. ती पाय मागे घ्यायची, म्हणायची, "राहू दे गं, घाण आहेत." येशूचा शिष्य पेत्रही त्या रात्री असाच नको म्हणाला होता. चर्चमध्ये त्या दिवशी पाय धुण्याच्या विधीसाठी निवडलेले बाराजण घरून पाय स्वच्छ धुऊनच येतात. घरी तसं नसतं, आणि माझ्यासाठी तो गुरुवार तिथेच होता, रोज सकाळी साडेसहाला.