'अँड'ने वाक्य सुरू केलं तर?
वाक्याची सुरुवात 'अँड' किंवा 'बट'ने करायचीच नाही, हा नियम शाळेतल्या लाल पेनाचा आहे, इंग्रजीचा नव्हे. १६११ च्या किंग जेम्स बायबलात उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातली ३१ पैकी २९ वचनं 'अँड'नेच सुरू होतात. आता बोला!

खरी गफलत होते ती 'हाउएव्हर'ची. अर्थ 'बट'च्या जवळचा असला तरी ते उभयान्वयी अव्यय नाही, क्रियाविशेषण आहे. त्यामुळे दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने त्याला जोडून चालत नाही; आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा आणि त्याच्यानंतर स्वल्पविराम. 'देअरफोर', 'मोअरओव्हर' यांचंही तेच. ऑफिसच्या मेलमध्ये (साहेबांच्या तर हमखास) ही चूक सर्रास दिसते, पण टोकतं कोण?