"स्पीड वाढवा आणि निघून जा" म्हणणाऱ्यांनी एकदा चढावर ते करून दाखवा

खाडीपल्याड:
परवा आपल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरली. कोकणातले कुत्रे गरीब असतात, नुसते भुंकतात, भीती आपल्या मनात असते आणि कुत्र्याला ती कळते, म्हणून घाबरू नका, स्पीड वाढवा आणि निघून जा. शेवटी असंही होतं की ज्यांना कुत्र्यांची एवढी भीती वाटते त्यांनी घरात ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड, लावून सायकल चालवावी. मी ते वाचलं तेव्हा माझ्या पोटरीला पट्टी बांधलेली होती, त्यामुळे डोकं फिरलं आणि आता हे लांबलचक लिहितोय.

सकाळी सव्वासहा, खाडीपासून वर येणारा चढ, स्पीड आठ-नऊच्या वर जाणं शक्यच नाही. डाव्या हाताला चिऱ्याचा गडगा, त्यातलं बेडं, म्हणजे फाटक, उघडं. कुत्रा भुंकला नाही, हे आधी समजून घ्या. मला फक्त डांबरावर नखांचा टकटक आवाज आला आणि मागे मान वळवेपर्यंत पोटरी त्याच्या तोंडात होती. बूट पेडलला अडकवणारी क्लीट सुटली नाही, सायकलसकट उजवीकडे पडलो, कोपर सोलून निघालं. नशीब मागून डंपर नव्हता. समोरच्या घरातल्या आजी धावत आल्या, मला मागच्या दारी पाण्याच्या डोणीवर नेलं आणि आत चुना आणि मिरचीपूड आणायला निघाल्या. त्यांना हात धरून थांबवलं, म्हटलं आजी काही लावू नका, फक्त कपड्याचा साबण द्या आणि पंप चालू करा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली पाय धरला. दोन भोकं होती आणि खाली एक दात ओढला गेल्याची तीन बोटं लांब चीर. तालुक्याला रेबीजची लस मिळाली पण सिरम, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, नव्हतं, ते घ्यायला आणखी पुढे जावं लागलं. ते वजन बघून देतात आणि त्या भोकांतच सुई घालून भरतात. ज्यांना कुत्रे गरीब वाटतात त्यांनी हे एकदा डोळ्यासमोर आणावं.

आणि कुत्रा भटका नव्हता. गळ्यात पट्टा होता. मालक बाहेर येऊन म्हणाले, "आमचा कुणाला काही करत नाही, तुम्हीच घाबरलात."

माझं म्हणणं एवढंच आहे. चढावर आणि उतारावर पळायचं नाही, थांबायचं, उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची. आणि भटक्यांवर बोलण्याआधी पट्टा घातलेल्या आणि मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यांवर बोला.

कातळ:
ती पोस्ट माझी आहे. चावला याचं वाईट वाटलं, खरंच. पण मी बारा वर्षं सायकल चालवतोय, सागरी महामार्गाने रेवस ते रेडी तीन वेळा केलंय, एकदाही चावला नाही. कुत्रा स्वतःच्या हद्दीपुरता धावतो, पन्नास-शंभर मीटर, हद्द संपली की तो आपोआप थांबतो. तुम्ही थांबलात की एकाचे चार होतात. आरे-वारेच्या खालच्या सपाट पट्ट्यात चार कुत्र्यांच्या मध्ये सायकल आडवी धरून उभं राहून बघा आणि मग मला सांगा.

खाडीपल्याड:
सपाट पट्ट्यात म्हणालात ना? मग तेच पोस्टमध्ये लिहायचं होतं. चांगला धावणारा गावठी कुत्रा तीस-पस्तीसच्या स्पीडने सहज येतो, आपल्यातले किती जण चढावर ते करतात? आणि उतारावर चाळीसला असताना तो पुढच्या चाकात आला तर चावण्यापेक्षा वाईट. जांभ्याची माती वळणावर आलेली असते तिथे नुसता ब्रेक दाबला तरी माणूस जातो.

वाडीवरची:
मला "कुत्र्याला भीती कळते" या वाक्याचाच संताप येतो. मी सायकलवाली नाही, पळते, रोज साडेपाचला. आमच्या वाडीत आधी बायका विचारायच्या की एवढं पळून काय मिळतं, आता विचारतात की कुत्रे तुझ्याच का मागे लागतात, पळतेस म्हणूनच ना. म्हणजे चूक माझी. गेल्या पावसात एकाने ट्रॅक पॅन्ट गुडघ्यापाशी फाडली, कातडी वाचली. तेव्हापासून हातात निरगुडीची काठी असते, आजपर्यंत एकालाही मारलेली नाही, फक्त पायाजवळ खाली धरते. कुत्रा आला की पळणं बंद, अंग थोडं तिरकं, डोळ्यात डोळे घालायचे नाहीत, मोठ्याने एकच "हाड", आणि मागे मागे सरकत निघायचं. पाठ दाखवली की आलाच. भीती मला वाटते, अजून वाटते, छातीत धडधडतं, पण पाय थांबवता आले म्हणून वाचते.

दर्यावर्दी:
माझ्या बापाशीन लहानपणीच सांगलेला, कुत्रो इलो तर पळू नको, वाकून दगड उचलल्यासारखा कर. दगड नसलो तरी चलता. गावठी कुत्र्याक ता वाकणा बरोबर कळता. पण एक सांगतंय, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, बंदरार मासो नाय, मग बंदरावरचे कुत्रे उपाशी, ते वाडयेत येतत आणि वाडयेतले कुत्रे त्यांच्यार जातत. त्या दोन महिन्यांत माणसाक जास्त चावतत. आणि कुत्रे नकोच असा म्हणू नका हां, रात्री वाघ वाडयेत इलो तर आधी तेच भुकतत. बिबट्याक आमच्याकडे वाघच म्हणतत.

सुरंगी:
मी हर्णैला राहते, बंदरावरच्या कुत्र्यांना खायला घालते, ज्यांना शिव्या द्यायच्या त्यांनी द्याव्या. दर्यावर्दी भाऊ बरोबर बोललेत, लिलाव बंद झाला की यांचे हाल बघवत नाहीत. पण ते दगड उचलण्याचं शिकवू नका हो. नुसतं वाकून थांबणारे थोडे, बाकीचे मारतातच. आमच्याकडच्या एका कुत्रीचा डोळा असाच गेला, तेव्हापासून ती हेल्मेट घातलेला माणूस दिसला की धावून जाते. ती आक्रमक कशी झाली याला कोण जबाबदार? नसबंदी केली, लस दिली, कानाला खूण आहे, आजतागायत ती बायका-पोरांवर कधी गेली नाही.

बांदा ओलांडलं की गोवा. तिथे घरोघर, किनाऱ्यावर जाऊन, जाळीने पकडून कुत्र्यांना लसी टोचल्या आणि २०२१ला राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. आपल्याकडे पट्टा घातलेल्या पाळीव कुत्र्यांना सुद्धा ती मिळत नाही. आणि मुंबई-पुण्याचे लोक मुरुड-कर्द्यात बंगले बांधतात, डिसेंबरात लॅब्रॅडॉरचं नाहीतर रॉटवायलरचं पिल्लू आणतात, जूनमध्ये केअरटेकरवर टाकून जातात, तो केअरटेकर त्याला मोकळा सोडतो. ती कुत्री माझ्या खात्यात घालू नका.

खाडीपल्याड:
ताई, बंगलेवाल्यांचं शंभर टक्के मान्य. पण तुम्ही घालता कुठे? आमच्याकडे एक जण रस्त्याच्या वळणावर घालतात, संध्याकाळी सहाला, दहा-बारा कुत्रे रस्त्यातच. घालण्याच्या जागेचे कुत्रे ती जागा राखतात. सुप्रीम कोर्टानेही २२ ऑगस्ट २०२५च्या ऑर्डरमध्ये खायला घालायच्या जागा ठरवून द्या असं म्हटलंय.

सुरंगी:
मी आधी जेटीकडच्या वळणावर घालायचे, हे खरं आहे. आता विचार करते. पण त्याच ऑर्डरमध्ये नसबंदी आणि लस झालेले कुत्रे परत त्याच जागी सोडा असंही आहे, रेबीजचे आणि आक्रमक सोडून. तेही वाचा.

हापूसवाला:
इथे सगळे पट्टेवाल्या कुत्र्यांच्या मालकांना धोपटताय म्हणून लिहितो. मी तो मालक नाही, पण असू शकलो असतो. माझी आंब्याची दीडशे कलमं आहेत. गेल्या सीझनला वानरांचा कळप आला आणि एका सकाळीत खालच्या बाजूच्या झाडांचा मोहोर ओरबाडून गेला, मी उभा राहून बघत होतो, दुसरं काय करणार. रात्री रानडुकरं, एप्रिल-मेमध्ये चोर. गुरख्याला पगार द्यायचा, त्याला कुत्रे लागतातच, कुत्रा नसेल तर गुरखा एकटा काय राखण करणार. बांधून ठेवला तर तो कुत्रा काय कामाचा? तुम्ही सकाळी तासभर व्यायाम करून घरी जाता, आमचं वर्षाचं पोट त्या बागेवर आहे.

वाडीवरची:
तुमच्या पोटाबद्दल कोण बोललं? बागेत सोडा, रस्त्यावर का सोडता? बेडं बंद करायला किती पैसे पडतात?

हापूसवाला:
ताई, कोकणातली बाग कधी बघितली आहे का? गडगा कमरेएवढा, चार ठिकाणी पडलेला, कुत्रा बेड्यातून जातच नाही, गडग्यावरून उडी मारतो. पूर्ण कंपाउंड चिऱ्याने घालायचं म्हणजे दोन सीझनचे पैसे गेले. आणि तो रस्ता आधी आमची पाणंद होती, बैलगाडीची, आम्ही जागा सोडली म्हणून रस्ता रुंद झाला.

कातळ:
यांचं हे बरोबर आहे. सायकलवाले आले गेल्या सात-आठ वर्षांत. बागा शंभर वर्षांच्या.

वाडीवरची:
मी बाग बघितलेली आहे, माहेरच्या ऐंशी कलमांत वाढले मी. त्याच पाणंदीने सकाळी शाळेची पोरं येतात. आमच्या वाडीतल्या पहिलीतल्या मुलीच्या गालाला असाच राखणीचा कुत्रा चावला. लहान मुलाला उंचीमुळे तोंडावरच चावतो, आणि चेहऱ्यावरची जखम सगळ्यात वाईट कारण मेंदू जवळ, विषाणूला पोचायला कमी वेळ लागतो. तिच्या आईने सिरमसाठी किती फोन केले ते मी शेजारी बसून ऐकलंय. मुलगी वाचली, अजून पायऱ्यांची पाखाडी उतरताना आईचा पदर सोडत नाही. सायकलवाले आत्ता आले म्हणता, ती पोरं कधी आली?

दर्यावर्दी:
पोरांचा खरा बोलता ताई.

खाडीपल्याड:
कायदाही आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१, आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. मी तक्रार केलेली नाही. गावात रोज एकमेकांचं तोंड बघायचं आहे. पण मालकाने निदान कुत्र्याचं लसीचं कार्ड दाखवायला हवं होतं. "दिलंय, दिलंय" म्हणत राहिले, कार्ड नाहीच. मी दहा दिवस लांबून त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, डोकावत होतो, कुत्रा जिवंत आहे का बघायला, कारण चावताना त्याला रेबीज असता तर तो तोवर मेला असता. ते दहा दिवस माझी बायको झोपली नाही.

कातळ:
ट्रेनरवर चालवा हे मी लिहायला नको होतं. ते वाक्य काढतो. सपाटीला स्पीड वाढवावा या मतावर मी आहे, आणि कुत्र्याच्या अंगावर बाटलीतलं पाणी मारलं तर दहातले सात थांबतात हा माझा अनुभव आहे. पण चढाला उतरा, हे तुमचं घेतो. क्लीट आधीच सोडून ठेवायची, हे मात्र दोघांनीही लिहायला हवं होतं.

हापूसवाला:
इकडे कोर्ट-कलमं काढून काही होणार नाही, बागायतदार अजून चिडेल. कंपाउंड होणार नाही. पण खाडीपल्याड, तुमचं ते दहा दिवसांचं वाचून घरातलीने मला जेवताना धारेवर धरलं. माझ्याकडे चार कुत्रे आहेत, दोघांना लस आहे, दोघांना नाही, खोटं कशाला बोलू. गुरखा जूनच्या पहिल्या आठवड्यात गावाला जातो, मग कुत्रे असेच फिरतात, हेही खरं. सकाळी सहा ते आठ साखळीला घालायला सांगतो, वानरं त्याच्या नंतर उतरतात. एवढं जमेल. वर्षभर बांधणार नाही.

वाडीवरची:
साडेपाच ते आठ करा. मी साडेपाचला निघते.

हापूसवाला:
साडेपाच. ठीक.

सुरंगी:
दादा, त्या दोघांना जूनच्या आधी टोचून घ्या. गुरखा गेल्यावर मग ते हातात सापडत नाहीत.

हापूसवाला:
तुमच्या ओळखीचे ते डॉक्टर बागेत येतात का? दोन कुत्र्यांसाठी ते काय येणार.

सुरंगी:
दहा असतील तर येतात, त्यांनी मला तसं सांगितलेलं आहे. तुमचे चार, दोघांना बूस्टर होईल. सहा जमवा.

खाडीपल्याड:
आमच्या वाडीतले तीन धरा. आणि ज्याने मला चावलं त्याच्या मालकाला मी विचारतो. माझा शेवटचा डोस अठ्ठाविसाव्या दिवसाचा, तो मंगळवारी आहे, येताना त्यांच्याकडे उतरतो.

दर्यावर्दी:
एकटो जाऊ नको. मी येतंय.