अनुभव धागा: कंपनी एकट्याने की सहसंस्थापकांसह?

कंपनी एकट्याने काढावी की जोडीला कुणी घ्यावे, यावर सल्ले भरपूर मिळतात. हिशेब, करार आणि रोजची ओढाताण यांसह सांगितलेले अनुभव क्वचितच वाचायला मिळतात. ज्यांनी यांपैकी कोणताही मार्ग धरला आहे त्यांनी येथे सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

आम्ही दोघी, सॉफ्टवेअर ती लिहीत असे, ग्राहक मी सांभाळत असे. निम्मी-निम्मी मालकी ठरवताना करारात एक कलम घातले: प्रत्येकीचे समभाग ४ वर्षांत टप्प्याटप्प्याने तिचे होतील आणि पहिले वर्ष पुरे होण्याआधी बाहेर पडल्यास काहीही मिळणार नाही. सही करताना ते दोघींनाही अविश्वासाचे वाटले होते. वर्ष सरायच्या आतच तिला उत्तम नोकरी चालून आली आणि ती गेली. कलम नसते तर निम्मी कंपनी सोडून गेलेल्या व्यक्तीच्या नावावर राहिली असती, आणि अशा कंपनीत पैसे घालायला गुंतवणूकदार सहसा धजावत नाहीत. आमची मैत्री टिकली, याचे श्रेय मी त्या कलमालाच देते.

*

मी एकटाच आहे. दर वाढवायचे किंवा एखादा ग्राहक सोडायचा, हे सकाळी सुचले की दुपारी अमलात येते. मात्र आजारपणात फोन अंथरुणातूनच घ्यावे लागले, आणि कर्जाच्या बोलण्यांत बँकेचा पहिला प्रश्न ‘तुमच्या पश्चात कोण?’ हाच होता.

*

आम्ही सख्खे भाऊ. धंद्यातला वाद जेवणाच्या ताटापर्यंत येतो, एवढेच सांगतो.

*

निम्म्या-निम्म्या वाटणीत मतभेद झाल्यास कोणाचे चालणार, हा प्रश्न उरतोच. १९७६ साली अ‍ॅपलच्या भागीदारी करारात जॉब्स व वॉझ्नियाक यांना प्रत्येकी ४५ टक्के, तर अशा प्रसंगी पारडे झुकवता यावे म्हणून रोनाल्ड वेन यांना १० टक्के वाटा होता. वेन १२ दिवसांतच बाहेर पडले, कारण ती साधी भागीदारी असल्याने कर्ज थकल्यास कर्ज देणारे त्यांच्या खासगी मालमत्तेवर दावा सांगू शकले असते. आम्ही तिघांनी म्हणूनच मर्यादित दायित्वाची कंपनी काढली आणि अंतिम शब्द विषयवार वाटून घेतला: पैशांबाबत माझा, उत्पादनाबाबत दुसऱ्याचा, विक्रीबाबत तिसरीचा. नोकरभरतीचे तेवढे ठरवायचे राहिले, आणि आमची भांडणे नेमकी त्यावरूनच होतात.