एसटीनं नांदूर मध्यमेश्वर: जाऊन आलेल्यांनी लिहा

थंडी सुरू झाली की नाशिककरांच्या गप्पांत निफाडजवळचं नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य येतंच, आणि बऱ्याचदा ‘गाडी नाही, म्हणून जाणं होत नाही’ इथेच विषय थांबतो. म्हणून हा धागा. एसटीनं गेलात, आखणी स्वतः केलीत, संध्याकाळी घरी परतलात, तर लिहा. कुठे उतरलात, निफाडच्या पुढे कसे गेलात, खाण्याचं काय केलंत, काय दिसलं. फोटो नंतर टाका, आधी रस्ता सांगा. सुरुवात मी करते.

ठक्कर बाजारहून भल्या सकाळी येवल्याकडे जाणारी गाडी धरली. निफाडला थांबणार ना, हे वाहकाला विचारूनच चढायचं. ओढा, चांदोरी मागे पडलं की दोन्ही अंगाला द्राक्षबागा लागतात. कडाक्याच्या थंडीत बागांमधून धूर निघताना दिसतो. मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्रभर जागून शेकोट्या पेटवतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, ते गाव निफाडजवळचंच. तेव्हा कानटोपी आणि जाड स्वेटर हवाच, ऊन वर आलं की काढून पिशवीत टाकता येतो.

निफाडपासून अभयारण्य साधारण १२ किलोमीटर. सगळी अडचण या शेवटच्या तुकड्याची आहे. आम्ही स्टँडबाहेर रिक्षा ठरवली ती जाण्या-येण्याची, परतीची वेळ आणि पैसे आधी बोलून, रिक्षावाल्या दादांचा नंबर घेऊन. आणि ‘चापडगाव’ म्हणूनच सांगा. निरीक्षण मनोरे तिकडे आहेत. नुसतं नांदूर म्हणालात तर गावात, बंधाऱ्याकडे उतराल. तिथली जुनी मंदिरंही बघण्यासारखी आहेत, मृगव्याधेश्वराला रामानं मारीच मारल्याची कथा जोडलेली आहे. पण सकाळची वेळ पक्ष्यांना द्यावी आणि देऊळ परतीच्या वाटेवर ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

पंचवटीहून

माझं वय ७५ च्या पुढे, त्यामुळे एसटीचा प्रवास मोफत. आधार कार्ड तेवढं जवळ ठेवायचं. मुलीला महिलांच्या सवलतीचं अर्धं तिकीट. आम्हा दोघींचा एसटीचा खर्च इतका कमी झाला की गाइडच्या मानधनात आम्ही हात आखडला नाही.

गाइड अवश्य घ्या. वनखात्यानं गावातल्याच मुलांना तयार केलंय. आमच्याबरोबरचा मुलगा ‘आजी, सावकाश, घाई नाही’ म्हणत बांधावरून हाताला धरून नेत होता. दुर्बीण माझ्या उंचीला लावून दिली आणि म्हणाला, ‘चोच बघा.’ हळदी-कुंकू बदक होतं. काळी चोच, टोकाला हळदीचा पिवळा ठिपका आणि कपाळाशी, चोच सुरू होते तिथे, कुंकवाचे दोन लाल ठिपके. इतकी वर्षं गोदाकाठी राहते आहे, पण हे पाखरू एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ मी दुर्बिणीवरून डोळा काढलाच नाही.

सिडकोहून

आम्ही कॉलेजचे मित्र, सगळे फ्लेमिंगोसाठी गेलेलो. फ्लेमिंगो दिसले नाहीत, आणि तरी दिवस सार्थकी लागला.

मनोऱ्यासमोर वारकऱ्यांचे थवे होते. वारकरी म्हणजे काळा पाणपक्षी, कपाळावर पांढरा टिळा. सगळे पसरून निवांत चरत होते. अचानक ते एकमेकांकडे सरकायला लागले आणि बघता बघता पाण्यावर एकच काळा गोळा झाला. काय झालं ते आम्हाला कळेना. गाइड दादा म्हणाले, ‘वर बघा.’ मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी, गवताच्या शेंड्यांवरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून येत होता. तो त्या गोळ्यावरून दोनदा फिरला. एकटा पडलेला पक्षी तो हेरतो, म्हणून हे सगळे अंगाला अंग लावून बसतात. एकही बाहेर राहिला नाही. तो निघून गेल्यावर गोळा हळूहळू सुटला आणि सगळे पुन्हा चरायला लागले. हे कुठल्याही रीलमध्ये मावणारं नाही.

कपडे मातकट, हिरवे घाला. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा.

इंदिरानगरहून, दोन लहान मुलांची आई

डबा आणि पाणी घरूनच न्या. आम्ही भाकरी, ठेचा आणि गुळाच्या पोळ्या नेल्या होत्या, निफाडला स्टँडजवळ गरम पोहे खाल्ले. मुलांना पाणवेलीच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी सगळ्यात आवडला. दुपारी बारानंतर मुलं कंटाळतात, तेव्हा अर्धा दिवसच धरा.

निफाड तालुक्यातून

तुम्ही सगळे आमच्याकडे येता याचा आनंद आहे, म्हणून थोडं सांगतो. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बंधारा झाला तो इंग्रजांच्या काळात, कालव्यांना पाणी देण्यासाठी. मागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, आणि पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव लागल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं.

वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे शेतीसाठी सोडलेलं पाणी, सुटलं की पातळी चढते, चिखलाचे पट्टे बुडतात आणि चिखलात चरणारे पक्षी दुसरीकडे सरकतात. म्हणून निघण्याआधी गाइडला फोन करून पाणी किती आहे ते विचारा. सिडकोच्या मित्रांना फ्लेमिंगो का दिसले नसतील, त्याचं हेही एक कारण असू शकतं.

दुसरं, उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे. भीती घालत नाही, आम्ही रोज राहतो. पण अंधार पडताना रस्त्यानं पायी निघू नका. उजेडातच निफाड गाठा. तिथून हायवेच्या गाड्या नाशिककडे येत राहतात, तरी सकाळी उतरल्यावरच चौकशी खिडकीवर परतीच्या वेळा विचारून घ्या.

पंचवटीहूनच, दुसरी

मनोऱ्यावरून पाणवेलींचा हिरवा गालिचा सुंदर दिसतो, पण तो तिथे नको आहे. पाण्यावर तो दाट पसरला की बदकांना उघडं पाणी उरत नाही. सांडपाण्यावर या वेली पोसतात आणि नाशिकचं सांडपाणी नदीतून खाली तिकडेच जातं. आपण निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट सोडतो ना, तीही त्याच वाटेनं जाते. मी तिथून आल्यापासून आमच्या गल्लीत निर्माल्य वेगळं गोळा करायला लावलंय. आधी दोन घरं तयार झाली, आता बरीच आहेत. ज्यांनी क्रौंच बघितलेत त्यांनी हे आपापल्या सोसायटीत बोलावं.

नाशिकरोडहून

मार्च संपल्यावर गेलं तर चालतं का, असं बरेच विचारतात. पाहुणे पक्षी तोवर बहुतेक परतलेले असतात, ऊनही फार. जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या, खंड्या दिसतात. पहिल्यांदाच जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी गाठा, आणि जमलं तर रविवार सोडून जा.