जपानला पहिल्यांदा जाताना तुमचं कुठे चुकलं? अनुभव धागा

धागा काढायचं निमित्त असं की माझी आत्तेबहीण आणि तिचे यजमान मार्चअखेरीला जपानला चाललेत. टोकियो, क्योटो, नारा, ओसाका, अकरा दिवस. तिने मला विचारलं, "काय काय बघू?" ते सांगणारे व्हिडिओ ढिगाने पडलेत. खरं तर तिने विचारायला हवं होतं, "माझं तिथे काय चुकेल?" कारण जपानमध्ये चुकलात तर कोणी अंगावर येत नाही. हसून मान लववतात, आणि आपल्याला वाटतं सगळं छान चाललंय.

तर स्वतःवर बेतलेलं सांगा. पहिला मान माझा.

क्योटोत एका गल्लीतलं सहा खुर्च्यांचं खाणावळवजा दुकान. समोर भाताचा वाडगा आला, मी फोटो काढायला मोबाइल घेतला आणि हात मोकळे हवेत म्हणून दोन्ही काड्या भातात उभ्या खोचल्या. मालकीणबाई सत्तरीच्या असतील. त्या काउंटरमागून बाहेर आल्या, "सुमिमासेन", म्हणजे माफ करा, म्हणाल्या, काड्या अलगद उपसल्या, कागदी रुमालाने टिपल्या आणि बाजूच्या चिनीमातीच्या इवल्याशा तुकड्यावर आडव्या ठेवल्या. परत जाताना हसल्यासुद्धा. मला वाटलं, किती अगत्य! संध्याकाळी कळलं की भातात उभ्या काड्या तिथे मृतासमोर ठेवलेल्या भातात असतात. म्हणजे आपल्याकडे कुणी भरल्या पंगतीत भाताचा पिंड वळून त्यावर तीळ घालावेत, तसं मी केलं होतं. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घासही द्यायचा नाही. दहनानंतर अस्थी वेचताना तसं करतात. नवऱ्याला टेम्पुरा, म्हणजे तिथली भजी, भरवायचा मोह झाला तर बशीत ठेवा, तो उचलेल.

आता तुम्ही सांगा.

*

(पुणे. दोघी मैत्रिणी, दोन आठवडे, दोघी कट्टर शाकाहारी)

ताई, आमची सगळी सहल 'निकु नाशी' या दोन शब्दांवर निघाली होती. मांस नको. पाठच करून गेलो. पहिल्याच रात्री तळलेलं तोफू आलं आणि वर तपकिरी पापुद्रे वाफेवर चक्क नाचत होते. मैत्रीण म्हणाली, कांद्याची सालं दिसतायत. खाऊन झाल्यावर कळलं, तो वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस. वाढणाऱ्या मुलीने फसवलं नव्हतं. मासा म्हणजे 'निकु' नव्हेच तिच्या लेखी. आणि खरा घोळ डोळ्यांना दिसतच नाही. मिसो सूप, उदोन नावाच्या जाड शेवयांचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, सगळ्याच्या मुळाशी दाशी, म्हणजे उकळून काढलेलं चवीचं पाणी, असते आणि ती बहुतेकदा माशाची. वर नुसत्या भाज्या दिसल्या म्हणून हुरळून जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलाकडून जपानीत चिठ्ठी लिहून घेतली: मांस नको, मासे नको, माशाची दाशीही नको. दाखवली की लोक मन लावून वाचायचे, आत जाऊन विचारून यायचे, आणि बऱ्याचदा म्हणायचे, जमणार नाही. वाईट वाटून घेऊ नका. रस्सा सकाळीच करून ठेवलेला असतो, तुमच्यासाठी वेगळा कुठून आणणार? 'जरा मासा बाजूला काढून द्या' ही आपली विनवणी तिथे समोरच्याला संकटात टाकते.

आमचं पोट आणि मन दोन्ही भरलं ते कोयासानला. डोंगरावरचं बौद्ध मठांचं गाव आहे, मठातच राहता येतं. तिथलं शोजिन र्‍योरी म्हणजे भिक्षूंचं जेवण. मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. तिळाचं तोफू इतकं मऊ की काडीने उचललं की थरथरायचं. तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ साली बसवलेला. बाहेर बर्फ भुरभुरत होतं, आम्ही दोघी त्यांच्यासमोर उभ्या, आणि काय बोलावं ते सुचेना.

बाकी दिवस थेपले, मेतकूट, दाण्याची चटणी. ताजी फळं, मिरच्या, कढीपत्ता घरीच ठेवा. विमानतळावरच्या तपासणीत अडतं. मांसाचे पदार्थ तर नकोच.

*

(ठाणे)

थेपल्यांवरून आठवलं. आम्ही शहाणपणा करून घरचा छोटा इलेक्ट्रिक कुकर नेला. पिनेसाठी अडॅप्टरही नेला. पण तिथली वीज १०० व्होल्टची. आपल्या २३० व्होल्टच्या कुकरला तिथे जेमतेम पाचवा हिस्सा ताकद मिळते. पावणेदोन तासांनी मुगाची डाळ कोमट पाण्यात पोहत होती. मोबाइलचे चार्जर चालतात, त्यावर १००–२४० लिहिलेलं असतं. कुकर, किटली, इस्त्री नेऊ नका. शिवाय खोलीत रांधणं हॉटेलच्या नियमात बसत नव्हतं हे नंतर वाचलं, पण ते पाप काही घडलंच नाही.

*

(नाशिक. सून, मुलगा, सासूबाई वय ७६)

सासूबाईंना व्हीलचेअर लागते, म्हणून जावं की नाही इथपासून चर्चा होती. त्यांच्याच वयाची कुणी जाणार असेल तर तिच्यासाठी हे सविस्तर लिहिते.

स्टेशनवर तिकीट फाटकाशी जो कर्मचारी असतो त्याला नुसतं व्हीलचेअर दाखवायची आणि उतरायचं स्टेशन सांगायचं. तो दुमडणारी पाटी घेऊन फलाटावर येतो, डबा आणि फलाट यांच्यात टाकतो, खुर्ची आत ढकलतो. मग फोन करतो. उतरायच्या स्टेशनवर दार उघडलं की नेमक्या त्याच दारासमोर दुसरा माणूस तशीच पाटी घेऊन उभा. पहिल्यांदा मला वाटलं योगायोग. सहाव्यांदा मात्र सासूबाईच दार उघडायच्या आत म्हणाल्या, "आला असेल गं तो." वेळ मात्र हातात ठेवा. आधीची एखादी गाडी जाऊ द्यावी लागते, आणि लिफ्ट नेहमी आपल्याला हव्या त्या दाराशी नसते. शिंजुकूसारख्या स्टेशनात तर दोनशेवर दारं आहेत.

ओसाकाला अशाच एकाला सासूबाईंनी हजार येनची नोट द्यायला हात पुढे केला. तो दोन पावलं मागे सरला, दोन्ही हात हलवत, चेहरा अगदी कानकोंडा. टिप तिथे देत नाहीत हे मी त्यांना विमानात सांगितलं होतं, पण "एवढं केलं पोराने, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?" शेवटी त्यांनी बसल्या बसल्या हात जोडले. तो कमरेत वाकला. यांनी परत नमस्कार केला, तो परत वाकला. चार वेळा झालं, मग आमच्या ह्यांनी खुर्ची पुढे ढकलली.

सामान एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात कुरियरने पाठवा, साधारण दुसऱ्या दिवशी पोचतं. एका रात्रीचे कपडे आणि औषधं मात्र हातात. टोकियो-क्योटो शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १६० सेंटीमीटरच्या वर गेलेल्या बॅगेला तिची जागा आधी राखून ठेवावी लागते.

*

(टोकियो, निशी-कासाई. बारा वर्षं मुक्काम)

इथे राहणाऱ्याने लिहावं म्हणून चार गोष्टी. आमच्या एडोगावा भागात भारतीय इतके आहेत की २०१९ मध्ये मूळचे अंबरनाथकडचे योगेंद्र पुराणिक इथल्या पालिका सभागृहात निवडून गेले. त्यामुळे वाणसामान, पोळी, गणपती, सगळं मिळतं. पण पाहुणे आले की माझा जीव ट्रेनमध्ये टांगणीला लागतो.

आवाज. आपण भांडत नसतो, आपण नुसतं "अरे पुढचं स्टेशन कुठलं?" विचारत असतो, पण तेवढ्याने अख्खा डबा आपलं ऐकत असतो. फोनवर बोलायचं नाही, व्हिडिओ आवाजासकट लावायचा नाही. कोणी काही बोलणार नाही, शेजारचा फक्त उठून दुसरीकडे जाईल.

दुसरी गोष्ट, 'चोत्तो'. शब्दाचा अर्थ 'थोडंसं'. पण "इथे फोटो काढू का?" यावर समोरच्याने श्वास दातांतून आत ओढला आणि "चोत्तोऽऽ" म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, तर उत्तर 'नाही' आहे. माझे मामा याला "थोडा वेळ थांबा" समजले आणि एका दुकानदारासमोर वीस मिनिटं उभे राहिले. तोही बिचारा उभा राहिला.

पैशाचं सांगतो. जेआर पास, म्हणजे पर्यटकांचा देशभराचा रेल्वे पास, डोळे मिटून घ्यायचे दिवस गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० वरून ५०,००० येन झाला. टोकियो-क्योटो एका वेळचं तिकीट साधारण १४ हजार. तुमच्या बहिणीच्या वेळापत्रकाला सुटी तिकिटंच स्वस्त पडतील. शहरात फिरायला सुइका किंवा इकोका, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड. पर्यटकांचं वेलकम सुइका २८ दिवस चालतं, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत, तर शेवटच्या दिवशी कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास दुकानात, खाऊ घेऊन संपवा.

कचरापेट्या शोधू नका. १९९५ च्या भुयारी रेल्वेतल्या सरिन या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर बऱ्याच काढून टाकल्या. आपल्याकडे पिशवीत पिशवी असतेच, तीच काढा. पासपोर्ट कायम जवळ हवा, पर्यटकांना तो कायदाच आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं महिन्यापेक्षा जास्त नेत असाल तर आधी ऑनलाइन परवानगी लागते. सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्या-सिरपांवर बंदी किंवा मर्यादा आहे, त्यातले घटक तपासूनच बॅगेत टाका. आणि रात्री फोन अचानक भोंग्यासारखा केकाटला तर तो भूकंपाचा इशारा. काचेपासून दूर, टेबलाखाली. लिफ्टकडे धावायचं नाही.

*

(मुंबई)

सगळं गोडगोड चाललंय म्हणून एक कडू. एका गावात (नाव नको) आम्ही चौघं रात्री साडेसातला एका जेवणघरात शिरलो. निम्मी टेबलं रिकामी. आतल्या माणसाने आमच्याकडे बघितलं आणि दोन्ही हातांची फुली केली. संपलं. पाच मिनिटांनी एक जपानी जोडपं आत गेलं आणि बसलं. हे कुठल्या संस्कृतीत बसवायचं?

*

(टोकियो, निशी-कासाई)

कदाचित त्यांनी आधी जागा ठेवली असेल. एकटा स्वयंपाकी असला तर रिकाम्या टेबलांनाही पाहुणे घेत नाहीत. आणि कदाचित तुम्हाला वाटलं तेच असेल. होतं असं, बारा वर्षांत माझ्या वाट्यालाही आलंय. घर भाड्याने घेताना तर सर्रास. 'जपानी लोक म्हणजे देवमाणसं' ही समजूत घेऊन येऊ नका, निम्मी निराशा तिथेच वाचते.

*

(कोल्हापूर)

र्‍योकानमध्ये, म्हणजे जुन्या धाटणीच्या सरायात, खोलीत युकाता, म्हणजे सुती झगा, ठेवलेला असतो. मी उजवी बाजू वर घेऊन बांधला आणि ऐटीत जेवायला निघालो. जिन्यात वाढपीण मावशी भेटल्या, हाताने तोंड झाकलं आणि सरळ माझा पट्टाच सोडायला लागल्या! डावी बाजू वर घ्यायची. उजवी वर फक्त प्रेताला. बायको अजून "कैलासवासी" म्हणून हाक मारते.

ओन्सेनला, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावर, कपडे म्हणून काहीही नसतं, चड्डीसुद्धा नाही. आधी स्टुलावर बसून साबणाने खसखसून अंघोळ, मग कुंडात. पंचगंगेत उडी मारतात तशी मारू नका. अंगावर गोंदण असेल तर काही ठिकाणी आत घेत नाहीत.

*

(औरंगाबाद)

नारा: हरणं मान लववून बिस्किट मागतात, फार गोड. माझी बिस्किटं संपल्यावर ओढणी खाल्ली. रिकामे तळवे दाखवा, सोडतात.

*

(सांगली)

टॉयलेटमधली लाल बटणं दाबू नका. फ्लश समजून मी जे दाबलं ते मदतीचं होतं. दोन बायका दार ठोठावत, बाहेर दिवा चमकतोय, आणि मला 'मी बरी आहे' याचं जपानी येत नाही.

*

(धागाकर्ती)

हसून हसून पुरे झालं. बहिणीला सगळं पाठवलं. तिचा एकच प्रश्न: क्योटोत गेइशांचे फोटो काढता येतील ना? तिला सांगितलं, गिओनच्या, म्हणजे तिथल्या गेइशांच्या वस्तीच्या, खाजगी गल्ल्यांत २०२४ पासून पर्यटकांना शिरायलाच मनाई आहे, दहा हजार येन दंडाच्या पाट्या आहेत. त्या बायका कामावर निघालेल्या असतात, मोबाइल नाचवत मागे धावणाऱ्यांमुळे ही वेळ आली.

*

(पेण)

शेवटी बाप्पाचं सांगते. टोकियोत आसाकुसाचं मोठं देऊळ सगळे बघतात. तिथून दहाएक मिनिटं चालत, सुमिदा नदीच्या बाजूला छोट्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन आहे. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपतीच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे गेलेला. मूर्ती दिसत नाही, ती कायम झाकलेली. आमच्या घरी मूर्तींचा कारखाना, भाद्रपदात नजर पोचेल तिथे गणपती, आणि इथे दर्शनच नाही! नैवेद्य काय तर मुळा. पांढरा, मनगटाएवढा जाड दाइकोन. देवळातच विकत मिळतो. पायऱ्यांवर, दगडावर, सगळीकडे दोन मुळे एकमेकांत गुंफलेली चित्रं.

मी दूर्वा शोधत होते. मिळाल्या नाहीत, मुळा वाहिला. निघताना एका आजींनी वाहून झालेल्या मुळ्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं आणि पिशवी पुढे केली. प्रसाद! कोणाला न विचारता मी दोन्ही हात पुढे केले, त्यांनीही दोन्ही हातांनी दिला.

हॉटेलवर ना सुरी ना किसणी. ह्यांनी तो मुळा सिंकमध्ये धुऊन तसाच कडाकडा तोडला आणि आम्ही मेतकुटात बुडवून खाल्ला. थोडा तिखट होता.