मदत हवी आहे: प्रारूप विकास योजनेत गुरचरणावर घरांचं आरक्षण, हरकत कशी लिहावी?

बोडीकाठ

पूर्व विदर्भातल्या आमच्या नगरपंचायतीची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली आहे. हरकतीची मुदत संपायला १९ दिवस उरलेत.

गट १४२, क्षेत्र ६.४० हेक्टर. सातबारावर भोगवटादार महाराष्ट्र शासन, इतर हक्कात "गुरचरण". याच गटात जुनी बोडी (पाणी साठवायचं छोटं तळं) आहे, वरच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या सांडव्याचं पाणी तिच्यात उतरतं. प्रस्तावित नकाशात गटाच्या दक्षिण भागावर आरक्षण क्र. १७ टाकलंय, "आर्थिक दुर्बल घटकांसाठी घरे". तक्त्यात "गट १४२ पै. (म्हणजे पैकी), २.१० हे." एवढीच नोंद आहे.

गावात ज्यांच्याकडे जागाच नाही अशा सुमारे १४० कुटुंबांचे अर्ज नगरपंचायतीकडे पडून आहेत. त्यांच्या घरांना आमचा विरोध नाही, पण गुरचरण आणि बोडीही जायला नको. या दोन्ही गोष्टी एका हरकतीत कशा मांडायच्या? आणि सगळ्यांच्या सह्यांचं एकच निवेदन दिलं तर चालेल का?

नकाशावाचक

सह्यांचं निवेदन देऊ नका. तीनशे सह्या असल्या तरी नोंदवहीत ती एकच हरकत धरली जाते आणि सुनावणीची नोटीस सहसा पहिल्या सहीवाल्याच्या पत्त्यावर जाते. तो त्या दिवशी हजर नसला की विषय तिथेच मिटतो. मजकूर तोच ठेवला तरी चालेल, पण प्रत्येकाने आपलं नाव, पत्ता आणि त्या जागेशी असलेला संबंध (गुरं चारतो, बोडीखाली शेत आहे, घरासाठी अर्ज केलाय) लिहून वेगळी हरकत द्यावी.

शेवटची तारीख मूळ नोटिशीतच बघा. वर्तमानपत्रातली जाहिरात बऱ्याचदा राजपत्रानंतर काही दिवसांनी येते आणि लोक त्या तारखेपासून दिवस मोजत बसतात. हरकत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, हातोहात द्या. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोस्टाने पाठवलेली हरकत मुदतीनंतर पोचली तर ती ग्राह्य धरायला लावणं फार कठीण जातं.

लिहायला बसण्याआधी तीन गोष्टी हातात हव्यात: विद्यमान जमीन वापर नकाशा, प्रस्तावित जमीन वापर नकाशा आणि योजनेचा अहवाल. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार प्रारूप योजना लोकांना पाहायला खुली ठेवावीच लागते आणि वाजवी किमतीत तिची प्रतही मिळते. बरेच जण फक्त प्रस्तावित नकाशा बघून परत येतात. तुमच्या प्रकरणात मूळ गोम बहुधा पहिल्या नकाशात आहे. तिथे बोडी निळ्या रंगात आहे का ते बघा. पाहणी उन्हाळ्यात झाली असेल तर कोरडी बोडी म्हणजे नुसतं मोकळं रान दिसतं, आणि नकाशात ती "रिकामी जागा" होते. तसं झालं असेल तर हरकतीचा पहिला मुद्दा हाच घ्या: विद्यमान वापराची नोंद चुकली, म्हणून पुढचं आरक्षण चुकलं.

भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशाही काढा. दोन्ही नकाशांची मोजपट्टी वेगळी असते, ती जुळवून ट्रेसिंग कागदावर आरक्षणाची हद्द उतरवा. तक्त्यातले २.१० हेक्टर आणि कागदावर रंगवलेला तुकडा यांत फरक निघणं नवं नाही. ती रेषा बोडीच्या पाळीला किंवा सांडव्याच्या वाटेला कुठे छेदते तिथे लाल पेनाने खूण करा. सुनावणीत बोलायला जेमतेम काही मिनिटं मिळतात, तेव्हा समितीपुढे हाच कागद ठेवायचा.

निस्तार

वरचं सगळं बरोबर. महसुली बाजू मी जोडतो.

सातबाऱ्यासोबत गाव नमुना १-ब मागा, त्यात गावातल्या बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनी असतात. तुम्ही विदर्भात आहात, म्हणजे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हेही निघतील. जमीन महसूल संहितेत अनुक्रमे कलम १६१ आणि १६५ खाली ते येतात. चराई, पाणी, वहिवाटीची वाट असे गावकीचे हक्क तिथे लेखी असतात. बोडीचा उल्लेख सापडला तर त्या पानाची प्रमाणित प्रत घ्या. पटवाऱ्याकडे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. माहिती अधिकारात (१० रुपये शुल्क) ३० दिवसांची मुदत असते, ती तुमच्या १९ दिवसांत बसणार नाही. म्हणून नकलेचा साधा अर्ज आधी, माहिती अधिकार सोबतीला.

आता कायदा. गुरचरण संहितेच्या कलम २२ खाली राखून ठेवलेलं असतं. २०१७ मध्ये आलेलं कलम २२-अ नीट वाचा. गायरान दुसऱ्या वापरासाठी देता येत नाही. शासनाच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या सार्वजनिक कामासाठी द्यायचं झालं तर त्या कामाला दुसरी योग्य शासकीय जमीन उपलब्ध नसणं ही अट आहे. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य (सर्वोच्च न्यायालय, २८ जानेवारी २०११) हा गावाच्या सामाईक जमिनींबद्दलचा निकाल, आणि त्यानंतरचा राज्याचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय, दोन्हींचा उल्लेख करा. तळ्यांसाठी हिंचलाल तिवारी (२००१) हा निकाल चालतो.

विकास योजनेत आरक्षण पडलं म्हणून सातबारावरचं "गुरचरण" पुसलं जात नाही, त्यासाठी महसूल खात्याचा वेगळा आदेश लागतो. पण या भरवशावर हरकत टाळू नका. योजना अंतिम झाली की जमीन मागणीच्या प्रस्तावात पहिलं वाक्य "मंजूर विकास योजनेनुसार" असंच येतं.

२२-अ ची अट बघितली तर तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. पर्यायी शासकीय जमीन दाखवा. तेवढ्याने गुरचरणाची बाजू कायद्यात घट्ट होते आणि घरांचं आरक्षणही योजनेत राहतं. नुसतं "आरक्षण रद्द करा" लिहिलंत तर समितीसमोर १४० कुटुंबं विरुद्ध गुरं असं चित्र उभं राहील, आणि त्यात गुरांच्या बाजूने निर्णय होणं अवघड.

बोडीकाठ

१-ब मिळाला. दोन जमिनी निघाल्या. गट ८७, १.३५ हे., पडीक, डांबरी रस्त्याला लागून. गट २०३, ३.०० हे., शेरा "झुडपी जंगल". मोठी म्हणून २०३ सुचवावी असं काही जणांचं मत आहे. १.३५ मध्ये १४० घरं बसतील का?

नकाशावाचक

२०३ सोडून द्या. झुडपी जंगल म्हणजे वनच, असं सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ ला स्पष्ट केलंय. तिथे केंद्राच्या मंजुरीशिवाय काहीच हलणार नाही, आणि अशी जमीन सुचवली की तुमची सगळीच हरकत कच्ची दिसते.

८७ चा हिशोब करू. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये भागीदारीतल्या प्रकल्पात घराचं चटई क्षेत्र ३० ते ४५ चौ.मी. असतं. ३० धरलं तर १४० × ३० = ४,२०० चौ.मी. भिंती, जिना, मार्गिका धरून बांधकाम सुमारे ५,७०० चौ.मी. तळमजला अधिक तीन मजले केले तर इमारतींखाली जेमतेम १,४५० चौ.मी. जागा जाते. गट आहे १३,५०० चौ.मी. १० टक्के खुली जागा आणि २० टक्के रस्ते सोडले तरी ९,४५० उरतात. म्हणजे आरामात बसतं.

भूखंड पाडून द्यायचे असतील तर मात्र ओढाताण आहे. ५० चौ.मी.चे १४० भूखंड म्हणजे ७,००० चौ.मी., आणि लहान भूखंडांत रस्तेच जास्त जागा खातात. रस्ते व खुली जागा मिळून ४० टक्के धरले तर ८,१०० उरतात, म्हणजे काठोकाठ. अर्जदारांना काय हवंय ते आधी विचारा. ज्याच्याकडे दोन शेळ्या आहेत त्याला तिसऱ्या मजल्यावरचं घर सोयीचं नाही. या प्रश्नावर गावात बोलणं होणं फार गरजेचं आहे.

८७ सुचवण्याआधी जागेवर जाऊन चार गोष्टी तपासा: नमुना १-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद, वरून जाणारी उच्चदाब वीजवाहिनी, नाल्याची पूररेषा (निळी २५ वर्षांच्या पुराची, लाल १०० वर्षांच्या), आणि प्रस्तावित नकाशात त्याच गटावर दुसरं काही आरक्षण पडलंय का. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात.

चुलीपुढे

याला जोडून विचारते. आमची ग्रामपंचायत आहे, नगरपंचायत नाही. ग्रामीण घरकुल मंजूर आहे पण जागाच नाही. एका शेतकऱ्याची ५०० चौ.फूट जागा विकत घ्यायची बोलणी चालू आहेत. काय काळजी घ्यावी?

निस्तार

ताई, पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेत ५०० चौ.फुटांपर्यंतच्या जागेसाठी मदत मिळते. पूर्वी ५० हजारांपर्यंत होती, २०२४ मध्ये मर्यादा १ लाख केली. प्रस्ताव ग्रामपंचायतीमार्फत पंचायत समितीकडे जातो. सपाट भागात घराचं मूळ अनुदान १.२० लाख, ते वेगळं.

चूक होते ती क्रमात. इसार आधी देतात आणि मंजुरी नंतर मागतात. शेतातला एवढासा तुकडा तुकडेबंदी कायद्यात अडकतो. घरकुलासाठी सवलत आहे, पण जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आधी लागते, खरेदीखत त्यानंतर. जागा सामाईक गटात असेल तर सर्व सहहिस्सेदारांची संमती आणि चतुःसीमा खरेदीखतात हव्यात, नाहीतर पुढे मोजणी होत नाही. आणि बांधायची जागा ठरेपर्यंत जिओ-टॅगचा (जागेचं स्थान नोंदवणारा) फोटो काढू देऊ नका. फोटो एका जागेचा आणि पाया दुसऱ्या जागेवर असला की हप्ता अडकतो.

बोडीकाठ

मसुदा टाकतो आहे, कृपया तपासा:

"आरक्षण क्र. १७ ला माझी हरकत आहे. गट १४२ हे गुरचरण असून त्यात बोडी आहे. गुरांना दुसरी जागा नाही. तरी हे आरक्षण रद्द करून गट ८७ मध्ये घरे द्यावीत ही विनंती."

नकाशावाचक

मुद्दा आला, पण पकड सैल आहे. असं करा:

"विषय: प्रारूप विकास योजना, आरक्षण क्र. १७ (गट १४२ पै., २.१० हे.), कलम २६ अन्वये हरकत व सूचना.
१) विद्यमान जमीन वापर नकाशात गट १४२ मधील बोडी दाखवलेली नाही. निस्तारपत्रकाची प्रमाणित प्रत व पाण्याने भरलेल्या बोडीचे तारखेसह छायाचित्र जोडले आहे.
२) आरक्षणाची हद्द बोडीची पाळ व मामा तलावाच्या सांडव्याचा प्रवाह छेदते (जोडपत्र नकाशा, खूण अ-ब).
३) गट १४२ गुरचरण आहे. गट ८७ (१.३५ हे.) ही शासकीय पडीक जमीन उपलब्ध असल्याने कलम २२-अ ची अट पूर्ण होत नाही.
४) सूचना: आरक्षण क्र. १७ त्याच प्रयोजनासाठी गट ८७ वर स्थलांतरित करावे. गट १४२ मधील बोडी व प्रवाहमार्ग जलाशय म्हणून, उर्वरित क्षेत्र गुरचरण म्हणून दर्शवावे.
५) मला कलम २८ अन्वये समक्ष सुनावणी मिळावी."

"रद्द"च्या जागी "स्थलांतरित" मुद्दाम घातलंय, आणि "त्याच प्रयोजनासाठी" हे शब्द अजिबात गाळू नका. नाहीतर घरं जातील आणि ८७ वर वेगळंच काही येईल.

पहिल्या मुद्द्यातलं वाक्य नकाशा डोळ्यांनी बघूनच ठेवा. बोडी तिथे निळी असेल तर वाक्य उलटं फिरवा: "विद्यमान नकाशात जलाशय दर्शविलेला असूनही त्यावर आरक्षण प्रस्तावित केले आहे."

निस्तार

एक जोड. बहुतेक मामा तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात. सांडव्याच्या प्रवाहाबद्दल त्यांचं दोन ओळींचं पत्र मिळालं तर ते जोडपत्रात सगळ्यात वजनदार ठरेल. उद्याच अर्ज द्या, सोबत तुमचा खुणा केलेला नकाशा लावा. पत्र मुदतीत नाही आलं तर अर्जाची पोच हरकतीला जोडा आणि मूळ पत्र सुनावणीच्या दिवशी तीन प्रतींत दाखल करा.

हरकतीची एक प्रत जिल्ह्याच्या नगररचना शाखा कार्यालयालाही द्या. समितीने तुमचं मानलं नाही तरी योजना पुढे शासनाकडे जाते, आणि त्या टप्प्यावर कागद तिथे आधीच पोचलेला असावा.

बोडीकाठ

आज अहवाल पाहिला. विद्यमान नकाशात बोडीच्या जागी "रिकामी जागा" असंच आहे. उद्या लघु पाटबंधारेकडे अर्ज देतो. ८७ वर १-ई मध्ये नोंद नाही, वीजवाहिनी उत्तर कडेने जाते. ती मोजून परवा इथे लिहितो.